बोर्ड घ्यायचा तर दुरुस्त होणारा घ्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य पाहिजे असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो. तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बियाणे येते. आज मी हातातल्या या बोर्डाबद्दल बोलणार आहे. यावर मायक्रोकंट्रोलर नावाची चिप आहे. तिला एकदा संगणकावरून काम शिकवले की ती तेच रात्रंदिवस करते. जमिनीतली ओल मोजते, विहिरीची पातळी पाहते, ठरल्या आकड्याला मोटर बंद करते. शहरातली पोरे यावर खेळणी करतात. आपल्याला खेळायला वेळ नाही.

आपल्या विहिरीला पाणी असलेच तर दीडदोन तासांचे. कपाशीची बोंडे भरताना किंवा ज्वारी पोटरीत असताना एक संरक्षित पाणी बसले तर पीक पदरात पडते. पण थ्री फेजची पाळी अजून बऱ्याच ठिकाणी रात्री येते. रात्री एकला बॅटरी घेऊन बांधावरून जायचे, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. मोटर चालू ठेवून घरी आलो तर विहीर उपसते, मोटर कोरडी फिरते आणि वाइंडिंग जळते.

मी यासाठी एक तयार यंत्र घेतले होते. कंपनीचे नाव घेत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ते बंद पडले. उघडले तर चिपेवरची अक्षरे खरवडलेली आणि वरून काळी राळ ओतलेली. दुरुस्ती होत नाही, नवे घ्या म्हणाले. बियाण्यात आपण जी मक्तेदारी नाकारतो ती डब्यात घालून दिली तर का घ्यायची?

म्हणून मुंबई गाठली. दादरला उतरून चर्चगेटची धीमी लोकल धरली. वाटेत लोअर परळ लागते. आपला कापूस ज्या गिरण्यांत जायचा त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या, तिथे आता काचेचे मनोरे आहेत. बघवत नाही. ग्रँट रोडला पूर्वेला उतरले की चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. 'शोले' ज्या मिनर्व्हात वर्षानुवर्षे चालला ते थिएटर याच रस्त्यावर होते. आता रस्त्यावर दुतर्फा इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आहेत.

दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "काम काय आहे?" याचे उत्तर घरून ठरवून न्या, नाहीतर तो महागडे दाखवील आणि तुम्ही घ्याल.

मी घेतला तो अर्डुइनो उनो. हे घराणे २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका डिझाइन शाळेत, विद्यार्थ्यांना परवडावे म्हणून सुरू झाले. आराखडा सर्वांना खुला ठेवला. त्यामुळे हुबेहूब बोर्ड कोणीही बनवू शकतो, त्यांचे नाव मात्र लावता येत नाही. असे बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. त्यांत बहुधा यूएसबीसाठी सीएच ३४० ही स्वस्त चिप असते. बिघडत काही नाही, संगणकावर तिचा ड्रायव्हर टाकावा लागतो इतकेच. घेताना एकच बघा. मुख्य चिप लांबट, दोन्ही बाजूंना पायांची आणि सॉकेटात बसवलेली असावी. जळली तर ती उपसून नवी बसवता येते. चौकोनी, डाग देऊन बसवलेली असेल तर जळल्यावर सगळा बोर्ड गेला. नव्या चिपेत बूटलोडर भरलेला आहे ना, तेही विचारा.

दुकानदार म्हणेल ईएसपी ३२ घ्या, वेगवान आहे, वाय-फाय आहे. खरे आहे. पण माझ्या शेतात वाय-फाय कुठे? शिवाय तो ३.३ व्होल्टचा, पायावर ५ व्होल्ट लागले की मरू शकतो. गोठ्यात, घराजवळ लावायला चांगला.

मोबाइलवर निरोप पाहिजे तर सिमचा मोडेम लागतो. स्वस्तातला सिम ८०० हा टूजीवर चालतो, जिओला टूजी नाहीच. शिवाय निरोप पाठवताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो, तेवढे बोर्डाला पुरवता येत नाहीत. त्याला वेगळा पुरवठा द्या, नाहीतर फोरजीचा मोडेम पाहा. त्यालाही वेगळाच पुरवठा लागतो.

ओलीचे सेन्सर दोन तऱ्हेचे. उघड्या दोन दांड्यांचा स्वस्त असतो, पण ओल्या मातीत वीज वाहून दांड्या झिजतात, हंगामही काढत नाहीत. कपॅसिटिव्ह घ्या. त्याच्या वरच्या भागावर एपॉक्सी लावा. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की सेन्सरभोवती हवा शिरते आणि आकडा खोटा येतो, म्हणून भेगा बुजवून पुन्हा रोवा. दुसऱ्याच्या शेताचा आकडा वापरू नका. आपली माती डब्यात वाळवून एक आकडा घ्या, भिजवून निथळल्यावर दुसरा. पाणी द्यायचा आकडा त्यांच्यामध्ये कुठे, ते पिकाच्या पानांकडे बघून ठरवा.

मोटरचा करंट बोर्डाच्या छोट्या रिलेवरून नेऊ नका, वितळेल. रिलेने फक्त स्टार्टरला इशारा द्यायचा. ती जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, तिथे ४१५ व्होल्ट आहेत.

आणि रविवारी जाऊ नका, लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकाने बंद असतात.