क्राउनच्या ताकदीत सिमेंटचा वाटा



आज मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. सिरॅमिकची क्राउन, म्हणजे रुग्ण जिला कॅप म्हणतात ती, किती मजबूत आहे हे आपण कशावरून ठरवतो? कंपनीच्या पत्रकात लिथियम डायसिलिकेटपुढे 400 मेगापास्कलच्या आसपासचा आकडा असतो, पारंपरिक झिर्कोनियापुढे 1000 च्या आसपासचा, आणि तोच आकडा आपण क्राउनची ताकद म्हणून धरून चालतो. पण तो सिरॅमिकच्या सुट्या चकतीचा किंवा पट्टीचा असतो. तोंडातली क्राउन सिमेंटच्या थरावर बसते, तो थर डेंटिनवर, आणि चावण्याचा भार हे तिघं मिळून पेलतात. काचमय सिरॅमिकच्या बाबतीत सिमेंट हा क्राउनच्या रचनेचाच भाग आहे आणि म्हणून ते टूथ प्रिपरेशनच्या आधी ठरलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आज बहुतेक ठिकाणी ते ठरतं क्राउन लॅबमधून आल्यावर, कपाटात काय शिल्लक आहे ते पाहून.

याचा सर्वांत भक्कम पुरावा तुटलेल्या क्राउनच देतात. रुग्णांच्या तोंडात निकामी झालेल्या क्राउनच्या भंगलेल्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या तेव्हा तड्याचा उगम अनेकदा वरच्या, दाब पडणाऱ्या बाजूला सापडला नाही. तो सापडला आतल्या, सिमेंटला टेकणाऱ्या पृष्ठभागावर. रॉबर्ट केली यांनी 1999 साली याच आधारावर आपल्या प्रयोगशाळांतल्या चाचण्यांच्या पद्धतीवरच प्रश्न उभा केला होता. कारण समजायला अवघड नाही. टेबलावर सपाट टेकलेली काच हाताचा भार सहज सोसते. तीच खाली पोकळी ठेवून मांडली, तर वाकते आणि खालच्या बाजूने तडकते. लवचिकतेची मापं पाहा: लिथियम डायसिलिकेटचा मॉड्युलस 95 गिगापास्कलच्या आसपास, डेंटिनचा 18 च्या आसपास आणि रेझिन सिमेंटचा त्याहूनही कमी. मऊ आधारावरचं कडक कवच दाबाखाली किंचित वाकतं, आतल्या बाजूला ताण येतो, तिथल्या घासण्याच्या सूक्ष्म खाचा उघडू लागतात, आणि ओलावा त्या खाचांना हळूहळू पुढे नेतो. म्हणून वर्षानुवर्षं उत्तम चाललेली क्राउन एखाद्या दिवशी भाकरीच्या घासाला फुटते.

आता सिमेंट काय करतं ते पाहू. इथेच सिमेंटच्या डब्यावरचा दाबसामर्थ्याचा आकडा आपली दिशाभूल करतो. एकोणिसाव्या शतकापासून वापरात असलेलं झिंक फॉस्फेट चांगलं कडक आहे, बऱ्याच रेझिन सिमेंटांपेक्षा ताठही आहे. तरीही ते सिरॅमिकला चिकटत नाही; फटीत यांत्रिकपणे अडकून बसतं. त्यामुळे आतल्या बाजूची खाच उघडू लागली की तिला धरून ठेवणारं काही नसतं. हायड्रोफ्लोरिक आम्लाने एच केलेल्या आणि सिलेन लावलेल्या पृष्ठभागात रेझिन खोलवर शिरतं, खाचा भरतं आणि सिरॅमिक व दात एकसंध करून भार वाटून देतं. म्हणजे क्राउनला बळ मिळतं ते जोडातून. सिमेंट स्वतः किती कठीण आहे हा मुद्दा दुय्यम ठरतो. बोस्टनचे केनेथ मॅलमेंट आणि सिगमंड सोक्रान्स्की यांनी डायकॉर या काच-सिरॅमिकच्या क्राउनचा 14 वर्षांचा अभ्यास 1999 पासून प्रसिद्ध केला. त्यात एच करून बसवलेल्या क्राउन एच न केलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त टिकल्या. सोन्याच्या कोअरवर बसवलेल्यांची कामगिरीही डेंटिनवरच्यांपेक्षा सरस होती, म्हणजे आधाराचा ताठपणाही तितकाच मोलाचा. रुग्णांची वाटणी तिथे चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हे मान्य. पण प्रयोगशाळेतला हिशोब आणि तोंडातला अनुभव एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

मात्र रेझिन म्हणजे हमखास ताकद, असंही समजू नये. मे, केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवलं की पातळ थरात बाँडिंगने मिळणारा फायदा थर 450 ते 500 मायक्रॉनकडे जाऊ लागला की संपतो, कारण रेझिन घट्ट होताना आकसतं आणि त्या आकसण्याचा ताण सिरॅमिकवरच पडतो. सैल मिलिंग, घाईचा स्कॅन, आणि वरून ‘सिमेंट भरून काढेल’ हा भरवसा, हे सारं क्राउनच्या मुळावर येतं. उलट्या दिशेचा धडा नव्वदच्या दशकातला आहे. पाणी शोषून फुगणाऱ्या काही संकरित सिमेंटांनी बसवलेल्या पोर्सलेनच्या क्राउन प्रयोगशाळेत नुसत्या पाण्यात ठेवल्यावर, भार न देताच तडकल्या.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. लिथियम डायसिलिकेटच्या क्राउनवरच्या नऊ वर्षांपर्यंतच्या जर्मन अभ्यासात (2013) पारंपरिक सिमेंट आणि रेझिन यांत टिकाऊपणाचा लक्षणीय फरक दिसला नाही. मग एवढा आटापिटा कशाला? हा निष्कर्ष मी पूर्ण मानतो, आणि त्याची मर्यादाही पाहतो. भरपूर जाडी, उंच भिंती, कमी टेपर असेल तर क्राउन स्वतःच्या बळावर उभी राहते. पण आपण दात वाचवण्यासाठी जाडी 1.5 मिलिमीटरवरून 1 वर आणतो, आखूड दाढांवर ओनले करतो, व्हिनिअर्स बसवतो. जाडी कमी करताना आपण मजबुतीचं काम न बोलता सिमेंटकडे सोपवलेलं असतं. फेल्डस्पॅथिक आणि ल्युसाइटयुक्त सिरॅमिकला तर ही सूटसुद्धा नाही.

झिर्कोनियाचं गणित वेगळं. त्यात काच नसल्याने हायड्रोफ्लोरिक आम्लाचा उपयोग होत नाही, आणि पुरेशा जाडीत ते इतकं ताठ असतं की उंच, नीट प्रिपरेशनवर ग्लास आयनोमर पुरतं. विल्सन आणि केंट यांनी 1972 साली मांडलेल्या या सिमेंटला कमी लेखण्याचं कारण नाही. दात आखूड असेल तेव्हा प्रश्न येतो क्राउन निघून येण्याचा. तिथे हलक्या दाबाने अॅल्युमिनाचं सँडब्लास्टिंग आणि एमडीपीयुक्त प्राइमर लागतो. ट्रायलच्या वेळी लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियाला चिकटतात, आणि ते धुवायला फॉस्फोरिक आम्ल वापरणं म्हणजे नुकसान वाढवणं. अर्धपारदर्शक नव्या झिर्कोनियाची ताकद बरीच कमी असते, त्याला जुन्या झिर्कोनियाचे नियम लावू नयेत.

तालुक्याच्या गावी छोट्या दवाखान्यात काम करणारे सहकारी विचारतील: रबर डॅम लावायला वेळ नाही, हिरडीखालच्या कडेला रक्त येतं, रेझिन महाग आहे, मग? त्यांचा प्रश्न रास्त आहे. ओल्या जागी केलेलं बाँडिंग हे साध्या सिमेंटपेक्षाही वाईट, कारण जोड होत नाही आणि आपण मात्र पातळ सिरॅमिक वापरून बसलेले असतो. जिथे जागा कोरडी ठेवता येणार नाही, तिथे सुरुवातीलाच झिर्कोनिया किंवा धातूच्या आधाराची क्राउन निवडावी, उंची आणि टेपर जपावा आणि ग्लास आयनोमरने बसवावी. रुग्णाच्या पैशाचा तो प्रामाणिक वापर आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. लॅबच्या ऑर्डर फॉर्मवर शेडच्या रकान्याशेजारी सिमेंटचा रकाना यावा, म्हणजे क्राउनला लॅबने एच करायचं की आपण, हे तंत्रज्ञाला आधी कळेल. आणि एमडीएसच्या प्रबंधांत कोरड्या नमुन्यावर पोलादी गोळीने एकाच दाबात क्राउन फोडण्याऐवजी डेंटिनसारख्या आधारावर, पाण्यात, वारंवार भार देऊन चाचण्या व्हाव्यात. यंदाच्या विषयनिवडीपासूनच मार्गदर्शकांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.