जहाजाच्या वेळेवर

'बोट लागणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कोकणातल्या माणसांना तर त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. माझी आई त्यांतलीच. साठच्या दशकात ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने वेंगुर्ल्याला जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर नेले जायचे. तिच्या पंचाहत्तरीला तिला पुन्हा एकदा बोटीत बसवायचे आम्ही ठरवले. २०१८ च्या फेब्रुवारीत सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर अशी चार रात्रींची क्रूझ घेतली. त्या सहलीत आम्ही काय शिकलो, ते आज सांगतो. काही गोष्टी विचारपूस करून शिकलो, एक मात्र चांगलीच घाबरगुंडी उडून.

आधी तयारीचे बोलू. जहाजाच्या तिकिटात राहणे, मुख्य भोजनगृहातले जेवण आणि करमणुकीचे बहुतेक कार्यक्रम येतात. मद्य, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि कर्मचाऱ्यांसाठी माणशी रोजची ठरावीक बक्षिसी हे सहसा वेगळे मोजावे लागते. म्हणून दोन जहाजांची तुलना करताना नुसत्या तिकिटाची करू नका, सगळी बेरीज मांडा.

सर्वांत स्वस्त केबिनला खिडकी नसते. दिवसभर बाहेरच भटकणार असाल तर ती चालते. पण बोट लागायची भीती असेल तर खिडकीपेक्षा जागा पाहा. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. वरच्या मजल्यावरची, टोकाची केबिन महाग असली तरी डुलते जास्त. उलटीवरची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी, पोटात ढवळू लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि मळमळलेच तर केबिनमध्ये पडून राहू नका. डेकवर या, क्षितिजाकडे नजर लावा.

हंगामही पाहावा. फुकेतच्या बाजूचा समुद्र नोव्हेंबर ते एप्रिल बराच शांत असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की तिथेही आपल्यासारखाच खवळतो.

कागदपत्रांत एक मेख आहे. सिंगापूरहून निघून तुम्ही पुन्हा सिंगापुरात येता, म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश करता. तेव्हा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. वाटेतल्या देशांचे नियमही बुकिंगच्या आधी तपासा, ते बदलत असतात. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी चांगलीच असते. म्हणून क्रूझचा समावेश असलेला प्रवास विमा घ्यावाच. आणि विमानाने जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोहोचा. तुमचे विमान रखडले म्हणून जहाज थांबत नाही.

बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतल्या जातात आणि केबिनच्या दाराशी येतात त्या कधीकधी संध्याकाळी. औषधे, कागदपत्रे, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा.

जहाजावर गेल्यावर आणीबाणीची कवायत असते. बरेच जण तेव्हा बुफेचा रस्ता शोधत असतात. तसे करू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की कुठे जमायचे, एवढे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक हवे.

आता आमची गोष्ट. पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागले, उतरून चालत जुन्या शहरात फिरून आलो. फुकेतला मात्र ते पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभे राहिले आणि लहान बोटींतून आम्हाला किनाऱ्यावर नेले. आई एकदम खुलली. "अरे, हा तर आपला पडाव!" म्हणाली.

परतीची शेवटची बोट चारला होती. समुद्रात मोबाइलचे उपग्रह-नेटवर्क भलते महाग पडते, म्हणून आम्ही फोन बंद ठेवले होते. किनाऱ्यावर ते सुरू केले. अडीच वाजलेले पाहून मी निवांतपणे शहाळ्याची ऑर्डर दिली. आईने मनगटाकडे पाहिले. "अरे, माझ्या घड्याळात साडेतीन झालेत."

मी म्हटले, "आई, तुझं घड्याळ जुनं झालं." बायको म्हणाली, "अहो, एकदा विचारा तरी कुणाला." आणि मला घाम फुटला. थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. आमच्या फोनांनी किनाऱ्यावर येताच गुपचूप थायलंडची वेळ लावली होती. जहाज मात्र सिंगापूरच्या वेळेवरच चालले होते, आणि आईचे घड्याळही. आईच्या संध्याकाळच्या गोळ्या केबिनमध्ये होत्या, तिचे गुडघे दुखरे होते आणि वाळूतून झपाझप चालणे शक्य नव्हते. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने बायको, असे तिला धरून नेले. शेवटच्या बोटीत आम्हीच शेवटचे चढलो.

जहाजाने आखलेल्या सहलीवर असता आणि उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. आपले आपण फिरायला गेलात तर थांबत नाही. पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणून एक साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि सहल संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

चौथा दिवस पूर्ण समुद्रात होता. मी कार्यक्रमांची छापील यादी घेऊन बसलो: नाचाचा वर्ग, जादूचे प्रयोग, लिलाव. आईने ती यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मला डेकवर शेजारी बसवून घेतले. बोटीवर वेंगुर्ल्याच्या वाटेला काय काय दिसायचे, ते ती जेवणाची वेळ होईपर्यंत सांगत राहिली. त्यातले निम्मे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले. क्रूझवर पैसे वसूल करायला सगळेच धावतात. एक दिवस तरी धावू नका. बरोबर घरातले वडीलधारे माणूस असेल, तर नक्कीच नको.