शिष्यवृत्तीची फाइल

बारावीचा निकाल लागला की पुण्यात दोन रांगा लागतात. एक प्रवेशासाठी कॉलेजात, दुसरी दाखल्यांसाठी सेतू केंद्रात. या दुसऱ्या रांगेबद्दल बोला, असं आकाशवाणीने मला सांगितलं आहे. विषय आहे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि त्यांची कागदपत्रं.

मी कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता शिष्यवृत्तीचं कामही बघते. त्या अनुभवावरून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. पुष्कळ मुलामुलींची शिष्यवृत्ती मार्कांपायी अडत नाही, कागदापायी अडते. मूल पात्र असतं, योजना असते, पैसेही मंजूर होण्यासारखे असतात, आणि अर्ज परत येतो. का? तर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली आहे किंवा आधारवरचं नाव गुणपत्रिकेशी जुळत नाही. पुन्हा सांगते, मार्कांपायी नाही, कागदापायी.

योजनांची यादी मी वाचून दाखवणार नाही. राज्य सरकारच्या बहुतेक योजना महाडीबीटी नावाच्या एकाच पोर्टलवर आहेत. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. 2024-25 पासून तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. आपण कशात बसतो ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. तिथली माणसं सांगतात, विचारायला मात्र जावं लागतं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येते. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षणाची मागणी होती हे आपण शाळेत शिकतो. त्याच निवेदनात ते शिष्यवृत्त्यांबद्दलही बोलले आहेत, तिकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. त्यांचं म्हणणं असं की, नुसत्या चढाओढीने शिष्यवृत्त्या दिल्या, तर ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे त्यांनाच त्या मिळतात. ज्यांच्यात शिक्षण पोचलेलंच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा. चढाओढ वरवर न्यायाची दिसली, तरी तिने शिक्षण पसरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. पुण्यातल्या माणसाने हे 1882 साली सांगितलं!

हे आज का सांगते? आज शिष्यवृत्त्या राखून ठेवलेल्या आहेत, पण अर्ज भरणं ही एक नवी चढाओढ होऊन बसली आहे. ज्या घरात दोन पिढ्या नोकरी आहे, त्या घरात कपाटात एक फाइल असते. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे कागद, सगळं तिथे सापडतं. ज्या घरातलं मूल पहिल्यांदाच कॉलेजात आलं, तिथे कागद कधी गावच्या पेटीत असतात, कधी काकांकडे, कधी पुरात भिजून गेलेले असतात. अशा मुलाला कोणी वेंधळा म्हटलं की मला फार वाईट वाटतं. वेंधळेपणा नाही तो, त्याच्या घरात ती फाइल अजून तयार व्हायची आहे. ती त्याने तयार करायची, आणि धाकट्या भावंडांना ती आयती मिळते.

तेव्हा दहावीच्या सुट्टीतच एक फाइल करा. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. कॉलेजात आल्यावर त्यात प्रवेशाचं अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती घाला. मूळ कागद फाइलमध्ये राहतील, बाहेर फक्त झेरॉक्स जातील. उत्पन्नाचा दाखला मात्र दर वर्षी बघा. त्यावर तो कधीपर्यंत ग्राह्य आहे ती तारीख छापलेली असते, ती वाचा. जात पडताळणीला तर महिने लागू शकतात. ती अकरावीतच सुरू करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका.

आता नावं. श्रोतेहो, या नावांनी जितके अर्ज अडवलेले मी पाहिले, तितके दुसऱ्या कशानेही नाही. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा नाव आधी. तेवढ्याने सहसा बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. वडिलांचं नाव शाळेत बाळासाहेब, रेशनकार्डावर बाळू. आई एका कागदावर लक्ष्मी, दुसऱ्यावर लक्ष्मीबाई. ज्ञानेश्वर इंग्रजीत लिहिताना एक जण 'डी'पासून सुरू करतो, दुसरा 'जी'पासून. दीपालीच्या स्पेलिंगात कोणी दोन 'ई' घालतं, कोणी एक 'आय'. घरात हे कोणाला खटकत नाही, कारण माणूस एकच आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पोर्टलला ते ठाऊक नसतं.

म्हणून दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा. पोर्टलवर आधारने नोंदणी केली की नाव आधारवरून येतं, म्हणून आधार गुणपत्रिकेशी जुळवून घ्या. आणि नववी-दहावीच्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. बोर्डाचा फॉर्म भरताना शाळा नाव तपासायला देते. तो कागद 'बरोबर असेल' म्हणून सही करून परत पाठवू नका. एकेक अक्षर वाचा. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलून घेणं फार अवघड जातं, आणि पुढचे सगळे कागद त्या नोंदीवर उभे राहतात. लग्नानंतर शिकणाऱ्या मुलींनी नाव बदललं असेल, तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये ठेवावा.

बँकेचंही असंच. खात्याला आधार जोडलं म्हणजे काम झालं, असं मुलं समजतात. केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं, आणि सरकारी पैसे येण्यासाठी ते खात्याशी मॅप झालेलं असणं वेगळं. तुमची तीन खाती असली तरी पैसे एकाच खात्यात येतात, जे सगळ्यात शेवटी मॅप झालं त्यात. मध्येच कोणी मोबाइलवर नवं खातं उघडून दिलं आणि संमती घेतली, तर शिष्यवृत्ती तिकडे जाते, आणि इकडे मूल 'आलीच नाही' म्हणून कॉलेजात भांडायला येतं. अर्ज करण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा. बघितली की बँकेचं नाव लिहून ठेवा.

लिहून ठेवा म्हटलं, म्हणजे वहीत. यावर मी अडून बसते. फोन हरवतो, सिम बदलतं, वही राहते. शंभर पानी वही घ्या. एका योजनेला एक पान. अर्ज क्रमांक, अर्ज भरल्याची तारीख, शेवटची तारीख, कोणते कागद जोडले, अर्ज आता कॉलेजच्या लॉगिनला आहे की पुढे विभागाकडे गेला. दर सोमवारी पोर्टल उघडून बघा. अर्जात त्रुटी निघाली तर तो तुमच्याकडे परत येतो आणि तुम्ही दुरुस्त करेपर्यंत तिथेच पडून राहतो. अर्ज भरला म्हणजे सुटलो असं नाही. परत सांगते, अर्ज भरला म्हणजे सुटलो असं नाही!

आणि आता थोडं रागावते. तुम्ही इंजिनिअरिंगला जाता, फोनवर दिवसभर असता, आणि स्वतःचा अर्ज नेट कॅफेवाल्याकडून भरून घेता. ठीक आहे, घ्या. पण मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत? मग ओटीपी त्याला जातो, अर्ज परत आल्याचा निरोप त्याला जातो, आणि शेवटच्या तारखेला तुम्ही माझ्या टेबलाशी रडत उभे राहता. त्याच्या शेजारी बसा, पण नंबर आपला द्या. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही, रिन्यूअल आपल्यालाच करायचं असतं, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

वेळ संपत आली असं मला खुणेने सांगतायत, आणि खासगी संस्थांबद्दल बोलायचं राहिलंच. पुण्यात ही परंपरा मोठी आहे. 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. तिथली मुलं माधुकरी मागून शिकली. 1955 साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, खेड्यातून आलेल्या मुलामुलींना ती आजही आसरा देते. अशा ठिकाणी बहुधा मुलाखत होते, आणि तिथेही हीच फाइल मागतात.

शेवटचं एक. दाखल्याला उशीर होत असेल तर नुसत्या खेपा घालू नका. अर्जाची पावती आणि टोकन क्रमांक जपा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही, तर त्याच कायद्याखाली वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अपिलाला ती पावती लागते, तेव्हा तीही फाइलमध्येच ठेवा.