बुडबुड्यांचं क्षेत्रफळ

मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांपुढे कशावर बोलावं, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. जिथे मी घडलो त्या वास्तूविषयीच बोलतो: माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग. 2008 पासून ती इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाचं अभिमत विद्यापीठ आहे. पण आमच्या पिढीच्या तोंडी यूडीसीटीच येतं.

मुंबई विद्यापीठाने हा विभाग 1 ऑक्टोबर 1933 रोजी सुरू केला. माटुंग्याला तो आला 1943 मध्ये. विभाग सुरू झाला त्या काळी गिरणगावात रात्रंदिवस कापड निघत होतं, पण ते रंगवायचे कृत्रिम रंग मुख्यतः परदेशातून यायचे. तेव्हा वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन शाखांनी श्रीगणेशा झाला, हे ओघानेच आलं.

1938 मध्ये के. वेंकटरामन विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. 1952 मध्ये त्यांच्या ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’चे पहिले दोन खंड निघाले आणि जगभरच्या रंग-रसायनज्ञांनी ते हाताशी ठेवले. जो देश रंग आयात करत होता, त्या देशातल्या प्राध्यापकाने रंगांचा आधारग्रंथ लिहिला. हे आठवलं की आजही माझा ऊर भरून येतो. 1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. 1966 मध्ये त्यांच्या जागी गेले बा. द. टिळक, तेही यूडीसीटीचेच.

नावं पुष्कळ घेता येतील. मला आज सांगायची आहे ती एक रीत.

केंब्रिजला पी. व्ही. डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून मनमोहन शर्मा 1964 मध्ये माटुंग्याला परतले आणि सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. त्यांच्या कामातला एक प्रश्न असा: कारखान्यात उंच स्तंभातल्या द्रवातून वायूचे बुडबुडे सोडतात. वायू किती वेगाने शोषला जाईल, हे त्या सगळ्या बुडबुड्यांचा पृष्ठभाग मिळून किती भरतो, यावर अवलंबून असतं. आता लाखो बुडबुडे क्षणोक्षणी फुटतात, एकमेकांत मिसळतात. त्यांचं क्षेत्रफळ मोजायचं कसं?

रसायनाकडूनच मोजून घ्यायचं. वायूची द्रवाशी होणारी विक्रिया पुरेशी वेगवान निवडली, की वायू पृष्ठभागालगतच खर्ची पडतो. मग द्रव हळू ढवळा की जोरात, दर चौरस सेंटिमीटरला शोषला जाणारा वायू तेवढाच राहतो. हा दर आधी एका काचपात्रात काढून ठेवायचा. तिथे द्रवाचा पृष्ठभाग सपाट, क्षेत्रफळ पट्टीने मोजता येईल असं. नंतर मोठ्या स्तंभात एकूण वायू किती शोषला गेला ते पाहायचं आणि भागाकार करायचा. झालं! डोळ्यांना न दिसणारं क्षेत्रफळ कागदावर उतरतं. शर्मा आणि डँकवर्ट्स यांनी 1970 मध्ये या पद्धतींचा जो आढावा प्रसिद्ध केला, तो पुढे जगभर वापरला गेला.

याला लागतं काय? काचेचं पात्र, ढवळणी, ब्युरेट आणि नेटाने काम करणारा विद्यार्थी. महागड्या यंत्रांची वाट पाहत कुणी थांबलं नाही. गोव्यातल्या माशेलहून आलेल्या रघुनाथ माशेलकरांनी याच विभागात शर्मा सरांकडे 1969 मध्ये पीएच.डी. केली, ती याच वातावरणात. शर्मा सर 1990 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते.

आपण मराठीत या लोकांवर लिहितो तेव्हा फेलोशिपचा उल्लेख करतो, पद्म पुरस्कारांची यादी देतो. भागाकार मात्र गाळतो. वाचकाला झेपणार नाही, असं आपणच ठरवून टाकतो. मला हे मान्य नाही. ताकातलं लोणी किती निघालं हे पाहून ताक नीट घुसळलं गेलं का ते ओळखणाऱ्या बाईला ही गोष्ट सहज कळेल. सांगणाऱ्याने सांगितली पाहिजे. आणि ती पात्रं फुंकून देणारे काचकारागीर, पहाटेपर्यंत चाललेल्या प्रयोगाला सोबत करणारे प्रयोगशाळेतले मदतनीस, यांची नावं कुठल्या लेखात आहेत? त्यांच्या आठवणी सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

माझी विद्यार्थीदशेतली प्रयोगवही मी आज सोबत आणली आहे. तिच्यात ब्युरेटचे आकडे आहेत, कॉस्टिकच्या थेंबाने खाल्लेलं एक पान आहे, आणि समासात आमच्या काचकारागिराने पेन्सिलीने काढून दिलेली पात्राची आकृती आहे. भोजनोत्तर सत्रात ती टेबलावर ठेवतो. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी मला तिथेच भेटावं. कुणी काय लिहायचं, ते आजच वाटून घेऊ.