पोकळ लांकडाचा नाद

एकोणिसाव्या शतकांत पनवेल हें बैलगाड्यांच्या चाकांसाठीं नांवाजलेलें गांव होतें. तुंब्यांत आरे ठोकून, त्यांवर लांकडी घेर चढवून व लोखंडी धांव बसवून तेथील सुतार चाक उभें करीत. लांकडाला लांकूड जोडणें ही ती विद्या. फुंकून वाजविण्याचें वाद्य करणाराची रीत मात्र याच्या उलट. त्याला लांकडांतून लांकूड काढून टाकावें लागतें, कारण नाद घुमतो तो पोकळींत.

याचें साधें उदाहरण म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियांतील आदिवासींचें 'डिजरिडू'. निलगिरीच्या जातीचें झाड उभें असतांच वाळवी त्याचा गाभा खाऊन टाकते. जाणता कारागीर खोडावर ठोकून पोकळी ओळखतो, तें तोडून साल काढतो, आंतील भुसा झाडून टाकतो आणि तोंडाशीं मधमाशांच्या मेणाचा कांठ बसवितो. या नळीला बोटांसाठीं एकही भोंक नसतें. दीड मीटर लांबीची नळी सेकंदाला सुमारें ६० कंपनांचा खर्ज देते. बाकी करामत ओठांची, जिभेची व गळ्याची. वाळवीनें कोरलेलें खोड न मिळाल्यास ओंडका उभा चिरून, दोन्ही भाग पटाशीनें कोरून पुन्हां चिकटवितात. सांध्यांतून हवा निसटली, कीं सारे श्रम वायां जातात.

असला नाद ऐकण्यास समुद्र ओलांडावयास नको. पालघर जिल्ह्यांतील जव्हार-डहाणूकडील वारली लोकांचा तारपा त्याचाच दूरचा सोबती होय. वाळलेल्या दुधी भोपळ्यांतील गर व बिया काढून त्यांत बांबूच्या दोन नळ्या बसवितात. नळ्यांत बांबूचीच पातळ जिव्हाळी असते व पुढें ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे बुजविण्यास येथेंहि मधमाशांचें मेणच! वाजविणारा गालांत हवा सांठवून ती बाहेर लोटीत असतांच नाकानें नवा श्वास घेतो. म्हणून सूर तुटत नाहीं, आणि सूर तुटत नाहीं म्हणून नाच थांबत नाहीं. नाचणारांचें वेटोळें त्याच्याभोंवतीं फिरतें. त्याच्याकडे पाठ करण्याची रीत नाहीं.

हें वेटोळें जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांनीं जगापुढें आणलें. २०११ मध्यें म्हसे यांना पद्मश्री मिळाली. आज अनेक श्रोत्यांच्या दिवाणखान्यांत वारली चित्र असेल. परंतु त्याच्या मध्यभागीं उभा असलेला तारपा किती घरांनीं ऐकला असेल? जव्हार तालुक्यांतील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा हे तारपा स्वतः घडवितात व स्वतःच वाजवितात. संगीत नाटक अकादमीनें २०२२ चा पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. या कलेंत करणारा व वाजविणारा यांची फारकत करतां येत नाहीं. जिव्हाळी केसभर जाड राहिली कीं पातळ झाली, हें डोळ्यांपेक्षां फुंकरीलाच आधीं कळतें.

म्हणूनच ही विद्या पुस्तकांत सांठवून भागत नाहीं. बैलगाड्या मागें पडल्या, तशी पनवेलच्या चाकांची मागणीहि ओसरली. जुनें चाक तरी संग्रहालयांत ठेवतां येतें. तारपाहि तेथें ठेवतां येईल, पण फुंकर ठेवतां येणार नाहीं. ती एका छातींतून दुसऱ्या छातींतच गेली पाहिजे. भिंतीवरील चित्राकडे पुन्हां पाहतांना त्या मधल्या वाजविणाराच्या फुगलेल्या गालांकडे क्षणभर लक्ष जावें, आणि भात पिकण्याच्या दिवसांत एखाद्या कुटुंबानें मुलांना घेऊन त्या बाजूस जावें, एवढेंहि पुष्कळ होईल. वाद्य जगतें तें ऐकणाराच्या कानांवरच.