जुने यंत्र, नवी काया



१९८४ साली भारत सरकारने 'क्लास' योजना काढली आणि देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हा संगणक आला. अवघी ३२ किलोबाइट स्मृती! आज तो शाळांतून नाहीसा झाला आहे. पण त्याला पुन्हा काया देता येते.

त्याचे मार्ग दोन. पहिला, आजच्या संगणकाने जुन्याचे सोंग घ्यावयाचे. कीर्तनकार एकटाच क्षणात राम, क्षणात रावण होतो ना, तसे. दुसऱ्या मार्गाला एफपीजीए नावाची चिप लागते. तिच्यातील जोडण्या कारखान्यात ठरत नाहीत; त्या आपण लिहून द्यावयाच्या. मग प्रोसेसर, चित्राचे सर्किट, ध्वनीचे सर्किट आपापल्या जागी उभे राहतात आणि सारे एकदमच कामाला लागतात. ही झाली नाटकमंडळी! 'मिस्टर' प्रकल्पातील हौशी लोकांनी बीबीसी मायक्रो असाच उभा केला. दुसरी जोडणी भरली, की तोच बोर्ड स्पेक्ट्रम होतो.

परंतु नटसंच जमला तरी संहिता कोठून आणावी? यंत्र पुन्हा उभे राहिले, कारण त्याची माहिती कोणीतरी जपली. आपल्या मुलांनी त्यावर लिहिलेले प्रोग्रॅम मात्र कोणत्याही चिपमध्ये नाहीत. असलेच तर ते शाळेच्या कपाटात, एखाद्या कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर असतील. आणि तिच्यावरील चुंबकीय ठसा काळाबरोबर पुसट होतो. तेव्हा या सुट्टीत कपाटे झाडताना त्या कॅसेटी भंगारात घालू नका, एवढेच माझे मागणे आहे.