हिस्टामिन: दाह पेटवणारे आणि आवरणारे
(स्वागताध्यक्षीय भाषण)

हिस्टामिन सर्वांना परिचित आहे ते दाह पेटवणारे रसायन म्हणून. पण मानवी प्रतिकारपेशींत दाह आवरण्याचे कामही तेच करते. या दुहेरी कार्याचा एकत्र विचार करण्यासाठी आलेले प्रतिकारशास्त्रज्ञ, औषधशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि विद्यार्थी या सर्वांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत आहे.

हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन तयार होते. त्याचे शरीरावरील परिणाम हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये वर्णिले. मास्ट पेशी आणि बेसोफिल यांच्या कणिकांत त्याचा साठा असतो. या पेशींवरील आयजीई प्रतिपिंडांना ॲलर्जन चिकटला, की काही मिनिटांत तो साठा बाहेर पडतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात.

पुढे काय घडणार, हे हिस्टामिन पेशीवरील ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते, तो ग्राही ठरवतो. असे चार ग्राही ज्ञात आहेत. एच-१ मुळे पेशीतील कॅल्शियम वाढते, एनएफ-कप्पा-बी सक्रिय होतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी इंटरल्यूकिन-६ व ८ जास्त सोडतात. एच-२ सायक्लिक एएमपी वाढवतो आणि लगाम खेचतो. जिवाणूंच्या लिपोपॉलिसॅकराइडने चेतवलेल्या मानवी मोनोसाइटमध्ये टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१२ घटतात, इंटरल्यूकिन-१० वाढते. बेसोफिलवरील एच-२ तर हिस्टामिनचाच पुढचा स्राव कमी करतो. एच-३ मुख्यतः मज्जासंस्थेत आढळतो. २००० च्या सुमारास ओळख पटलेला एच-४ इओसिनोफिल आणि मास्ट पेशींना दाहाच्या जागी खेचून आणतो.

उपचारांची वाटही या ग्राहींवरूनच गेली. अँटिहिस्टामिन औषधांचा पाया घालणाऱ्या डॅनियल बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल मिळाले. एच-२ रोधक शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना ते १९८८ मध्ये मिळाले. ब्लॅक यांचे लक्ष्य जठरातील आम्ल होते. मात्र तोच ग्राही प्रतिकारपेशींवरही असतो. ॲटोपिक त्वचादाहासाठी एच-४ रोधकांच्याही चाचण्या झाल्या आहेत.

म्हणून हिस्टामिन दाह वाढवते की घटवते, याचे एकच उत्तर संभवत नाही. पेशी कोणती, ग्राही कोणता आणि पेशी आधी कशाने चेतवलेली होती, या तीन गोष्टी प्रत्येक निष्कर्षासोबत नोंदवल्या गेल्या, तरच प्रयोगशाळेतील आकडे रुग्णाच्या उपयोगी पडतील. या परिषदेतील चर्चेचा तोच पाया आहे.